पडलेल्या स्वाराची लेखणी

आमच्या शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मस्थान पाहायला येणारे पाहुणे त्यांच्या कुस्तीविषयी, तलवारीविषयी कौतुकाने विचारतात; लेखणीविषयी सहसा कोणी विचारीत नाही. १८७९ साली बंड फसल्यावर हा थकलेला मल्ल श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेला आणि तेथे आत्मचरित्र लिहू लागला. अंगातली रग ओसरल्यावर हाती घेतलेली लेखणी काय लिहिते? या प्रश्नापायी मी डिक फ्रान्सिस या विलायती कादंबरीकाराकडे वळलो.

फ्रान्सिस हा अडथळ्यांच्या शर्यतींतला नामांकित जॉकी. १९५६ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत राजमाता एलिझाबेथ यांचा डेव्हन लॉक हा घोडा, विजय पन्नासेक यार्डांवर असताना, त्याच्यासकट अकस्मात पोटावर कोसळला. पुढच्याच वर्षी एका जबर अपघाताने त्याचे खोगीर कायमचे सुटले. मग वृत्तपत्रातले लेखन, आत्मचरित्र, आणि १९६२ साली 'डेड सर्ट' ही पहिली कादंबरी. घरातला गालिचा विरला होता, मोटार खडखडत होती, म्हणून लिहायला बसलो, असे तो मोकळेपणी सांगे. सरस्वतीच्या उपासनेची ही तऱ्हा आपल्याकडे रुचायची नाही. मला मात्र आवडली!

त्याच्या चाळीसवर कादंबऱ्यांत 'ऑड्‌स अगेन्स्ट' (१९६५) मला सर्वांत मोलाची वाटते. नायक सिड हॅले हा शर्यतीत डावा हात निकामी झालेला जॉकी. आता खासगी हेरसंस्थेत आहे. तो हात तो सदा खिशात दडवतो. पाहुण्यांसमोर तो उघडा करणे त्याला भाग पडते, तो प्रसंग वाचताना मला खलनायकांपेक्षा त्या खिशाचीच धास्ती वाटत राहिली. बाकी खलनायक ठोकळेबाजच. नायकाने मार खायचा आणि उठायचे, हेही ठरलेले. पण शरीराने दगा दिल्याची लाज इतक्या कोरड्या शब्दांत क्वचितच आली असेल. पत्नी मेरीचा या लेखनात वाटा किती, यावर पुढे वाद झाला. तरी पडण्याची ही जाण उसनी आणता येत नाही.

फ्रान्सिसने आपले दुःख हॅलेच्या अंगावर घातले आणि त्याच्याकडे लांबून पाहिले. वासुदेव बळवंतांना असा हॅले मिळाला नाही. त्यांनी जे लिहिले ते स्वतःच्याच नावाने, अपयशाबद्दल देशबांधवांची क्षमा मागत. त्याच वर्षीच्या जुलैत ते पकडले गेले आणि ते लिखाण खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले.