प्रेषित, पाद्री आणि वडील : आद्य ख्रिस्ती धर्मनेत्यांची मराठी नामे

१

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या बेलापूरला आज सर्वत्र ‘सीबीडी बेलापूर’ असे म्हटले जाते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची उभारणी करताना या भागाची योजना ‘सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट’ म्हणून केली. त्या संज्ञेचा ‘मध्यवर्ती व्यापारी विभाग’ असा अनुवाद करून बोलणारा मनुष्य विरळाच. तिची आद्याक्षरे मात्र सर्वांच्या तोंडी रुळली आहेत. गावाचे नाव देशी राहिले आणि त्याला जडलेली पदवी परकीय राहिली. संस्था बाहेरून आली की तिचे नावही बहुधा बाहेरूनच येते, हा भाषेचा सर्वसाधारण अनुभव आहे. धर्माच्या क्षेत्रात मात्र या अनुभवाला अधिक गंभीर अर्थ प्राप्त होतो. धर्मातील अधिकाऱ्याला कोणत्या नावाने हाक मारावयाची, या प्रश्नात त्याचा अधिकार कोठून आला आणि तो कोठवर मान्य करावयाचा, हा प्रश्न दडलेला असतो.

ख्रिस्ती धर्माची घडण त्याच्या आद्य नेत्यांनी केली. पीटरादी प्रेषित, त्यांच्यामागून आलेले अंत्युखियाचा इग्नेशिअस व कार्थेजचा सिप्रिअन यांच्यासारखे बिशप, आणि टर्टुलिअन, अथनेशिअस, ऑगस्टीन यांच्यासारखे तत्त्वचिंतक यांनी पहिल्या पाच शतकांत धर्मसिद्धान्तही निश्चित केले व धर्मसंस्थेची रचनाही निश्चित केली. ही नेतृपरंपरा मराठीत कोणकोणत्या नावांनी उतरली आणि त्या नावांनी तिच्या अधिकाराचे स्वरूप कसे बदलले, याचा विचार येथे करावयाचा आहे. या विषयावरील विवेचनांत बहुधा ईश्वरवाचक शब्दांचीच चर्चा होते. पदवाचक शब्द दुर्लक्षित राहतात. वस्तुतः खरा मतभेद पदवाचक शब्दांतच प्रकट झालेला आहे.

२

बेलापूरच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या काठी असलेल्या कल्याण बंदराचा या परंपरेशी असलेला संबंध जुना आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास लिहिणारा कॉस्मस इंडिकोप्लूस्टस ‘कल्लिआना’ येथे एक बिशप असून त्याची नेमणूक इराणातून होते, असे सांगतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक ठाण्यास नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे नमूद करतो. त्याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला होता. काही अभ्यासकांनी प्रेषित बार्थोलोम्यूचाही संबंध कल्याणशी जोडला आहे. पण त्यास निर्णायक पुरावा नाही.

कल्याणच्या त्या बिशपास त्याचे अनुयायी काय म्हणत असत, हे सांगण्यास मराठीत साधन नाही. मराठीचे कोरीव लेख दहाव्या-अकराव्या शतकांपासून मिळू लागतात. कॉस्मसचा काळ त्याहून कितीतरी आधीचा. केरळात सीरियन ख्रिस्ती परंपरा अखंड राहिल्यामुळे ‘मार’ ही सीरियन आदरपदवी तेथे आजही बिशपांच्या नावामागे लागते. उत्तर कोकणात तसे झाले नाही. त्यामुळे मराठीतील ख्रिस्ती पदनामांचा इतिहास सोळाव्या-सतराव्या शतकांतील गोमंतकापासूनच सुरू करावा लागतो.

३

परंतु गोमंतकाकडे वळण्यापूर्वी हे लक्षात घेतले पाहिजे की, भाषांतराची हीच अडचण आद्य धर्मनेत्यांपुढेही उभी होती. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत पदनामे अगदी व्यवहारातली होती. ‘अपोस्तोलोस’ म्हणजे पाठविलेला दूत; ‘एपिस्कोपोस’ म्हणजे देखरेख करणारा; ‘प्रेस्बितेरोस’ म्हणजे वयाने वडील; ‘दिआकोनोस’ म्हणजे सेवा करणारा; आणि ‘एक्लेसिआ’ म्हणजे नागरिकांची सभा. इग्नेशिअसने दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या आपल्या पत्रांत बिशप, वडील व सेवक अशी त्रिस्तरीय रचना आग्रहाने मांडली, तेव्हाही हे शब्द ऐकणाऱ्या ग्रीक माणसाला ते परके वाटले नसतील.

हाच धर्म लॅटिनमध्ये आला तेव्हा वेगळे घडले. ‘एपिस्कोपुस’, ‘अपोस्तोलुस’, ‘एक्लेसिआ’ हे शब्द लॅटिनने भाषांतर न करता जसेच्या तसे उचलले, आणि त्याबरोबर त्यांचा व्यवहारातला अर्थ गळून पडून केवळ पदाचा अर्थ उरला. देखरेख करणाऱ्याचा ‘बिशप’ झाला. उलट सिद्धान्ताच्या क्षेत्रात कार्थेजच्या टर्टुलिअनने देशी शब्दसामग्री धीटपणे वापरली. त्रैक्यासाठी ‘त्रिनितास’ हा शब्द लॅटिनमध्ये प्रथम त्याच्याच लेखनात आढळतो. नाटकातील मुखवटा व न्यायालयातील पक्ष या अर्थांचा ‘पर्सोना’ त्याने ईश्वरविषयक चर्चेत आणला. सैनिकाच्या शपथेच्या ‘साक्रामेंतुम’ला त्याने धर्मविधीचा अर्थ दिला. जेरोमच्या लॅटिन बायबलात ‘प्रेस्बितेरोस’साठी कोठे उसना शब्द, तर कोठे ‘वयाने मोठे’ या अर्थाचा देशी शब्द अशी दोलायमान स्थिती दिसते. सारांश, लॅटिन परंपरेने स्थूलमानाने विचार देशी केला आणि पद परके ठेवले. युरोपातील धर्मसंस्थेच्या पुढील इतिहासात या निवडीचा वाटा लहान नाही, कारण ज्या शब्दाचा अर्थ सामान्य माणसास उलगडत नाही त्या शब्दाने दर्शविलेल्या अधिकाराची चिकित्साही त्याला करता येत नाही.

४

फादर थॉमस स्टीफन्स हे याच लॅटिन परंपरेत वाढलेले येशूसंघीय होते. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेले स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः साष्टीत राहिले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत मुद्रित झाले. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्याच ओवीतून ख्रिस्तकथा सांगावी, हा त्याचा हेतू. ‘परमेश्वर’, ‘वैकुंठ’, ‘मुक्ती’, ‘भक्ती’ हे शब्द स्टीफन्स निःसंकोचपणे योजतात. सेंट फ्रान्सिस झेविअर यांनी जपानात ईश्वरासाठी प्रथम ‘दाइनिची’ हे बौद्ध नाम योजले होते व चूक उमगताच ते टाकून ‘देउस’ हा लॅटिन शब्द स्वीकारला होता, ही पार्श्वभूमी ध्यानात घेता स्टीफन्स यांचे धैर्य विशेष म्हटले पाहिजे.

परंतु संस्कार, देवालय आणि धर्माधिकारी यांच्याकडे वळताच त्यांची लेखणी सावध होते. तेथे लॅटिन-पोर्तुगीज शब्द येतात. या दोन प्रवृत्तींचा सांधा ‘पाद्री गुरू’ या जोडशब्दात स्पष्ट दिसतो. त्यातील पहिले पद अधिकार सांगते, दुसरे त्या अधिकाराचा अर्थ लावते. भाषाशास्त्रीय दृष्टीने ही उसनवारी अर्थबोधक पुनरुक्तीसह झालेली आहे. वाङ्मयीन दृष्टीने मात्र ती तडजोड आहे. ‘गुरू’ म्हटल्याने श्रोत्याच्या मनात शिष्याने स्वतः निवडलेल्या मार्गदर्शकाची प्रतिमा उभी राहते, तर ‘पाद्री’ हा संस्थेने नेमून पाठविलेला असतो. या दोन अर्थांतील विसंगती पुराणकाराने सोडविली नाही. ती त्याने एका शब्दात शेजारी शेजारी बसविली.

या सावधपणाची कारणे केवळ गोव्यात शोधून चालणार नाही. विल्यम टिंडेलने १५२६ च्या आपल्या इंग्रजी नव्या करारात ‘चर्च’ऐवजी ‘काँग्रिगेशन’ म्हणजे मंडळी, आणि ‘प्रीस्ट’ऐवजी वडील या अर्थाचा शब्द योजला. थॉमस मोर याने १५२९ मध्ये त्यावर कठोर हल्ला चढविला, आणि १५३६ साली टिंडेलला पाखंडी ठरवून देहान्त शासन झाले. १६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलच्या भाषांतरकारांना तर ‘चर्च’ हा जुना शब्द बदलू नये, असा नियमच घालून देण्यात आला होता. ‘क्रिस्तपुराण’ त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी छापले गेले. धर्मनिष्ठेसाठी स्वदेश सोडलेल्या इंग्रज कॅथॉलिकाला पदनामांचे भाषांतर ही साधी भाषिक बाब वाटणे शक्यच नव्हते.

स्टीफन्स यांच्यामागून एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने प्रेषित पीटरच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६२९ पासून गोव्यात मुद्रित झाला. आद्य धर्मनेता हाच पुराणाचा नायक व्हावा, ही मराठीत अपूर्व घटना होय. पण येथेच रूप आणि आशय यांचा विरोध उघड होतो. पुराणाचा नायक देव किंवा अवतार असतो. पीटर हा मासे धरणारा मनुष्य. संकटसमयी त्याने आपल्या स्वामीला तीनदा नाकारले आणि मग तो रडला. त्याची थोरवी या पश्चात्तापात आहे. ला क्रुआच्या ग्रंथाचे शीर्षक मात्र पौर्वात्य धर्ममतांतील प्रमुख प्रमादांचे खंडन हे आपले प्रयोजन म्हणून जाहीर करते. परमतखंडनासाठी वक्ता निःशंक असावा लागतो, आणि पीटरचे चरित्र तर शंकित होऊन पडलेल्या व पुन्हा उठलेल्या माणसाचे आहे. नायकाची अशी निवड आणि प्रयोजन असे भिन्न, ही या ग्रंथाच्या योजनेतील मूलभूत उणीव मानली पाहिजे. स्टीफन्स यांचे पुराण लोकांच्या तोंडी राहिले व ला क्रुआचे ग्रंथालयात राहिले, याचे हे एकमेव कारण नसले तरी एक कारण खचितच आहे.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेच्या वापराविरुद्ध आज्ञा काढली आणि ही परंपरा क्षीण झाली.

५

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मराठी भाषांतराचा नव्याने आरंभ केला. सेरामपूरहून १८११ मध्ये नवा करार निघाला. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशननेही पुढे आपली भाषांतरे सिद्ध केली. या परंपरेतून स्थिर झालेली पदनामे पाहिली म्हणजे टिंडेलची बाजू मराठीत विजयी झाल्याचे दिसते. ‘प्रेषित’, ‘अध्यक्ष’, ‘वडील’, ‘सेवक’, ‘मंडळी’ हे शब्द ग्रीक मूळ शब्दांच्या व्यवहारातल्या अर्थाला थेट भिडतात. खेड्यातील श्रोत्याला ‘मंडळीचे वडील’ कोण, हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु या लाभाबरोबर हानीही झाली. नव्या करारातील ‘अध्यक्ष’ आणि आजचा ‘बिशप’ हे मुळात एकच पद आहे, ही गोष्ट मराठी वाचकाच्या लक्षात येत नाही. प्रेषितकाल जवळ आला. प्रेषितांपासून आजवरची साखळी मात्र दृष्टीआड झाली. इग्नेशिअस, सिप्रिअन, ऑगस्टीन हे त्या साखळीतील दुवे असल्यामुळे तेही दृष्टीआड झाले.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न जिवंत संघर्षाचे रूप घेतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी अथनेशिअसच्या नावाने चालत आलेल्या मतांगीकारावर शंका घेतल्या, आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड आपण मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे स्पष्ट उत्तर दिले. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नसावीत, असाही त्यांचा प्रश्न होता. धर्म स्वीकारणे आणि त्या धर्माच्या आद्य नेत्यांनी बांधलेली चौकट स्वीकारणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे इतक्या निर्भयपणे सांगणारी मराठी व्यक्ती त्यांच्यापूर्वी क्वचितच झाली असेल. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात मूळ भाषांवरून बायबलचे भाषांतर करताना मात्र त्यांनी संस्कृतप्रचुर शैलीही सोडली व सामान्य स्त्रियांना उमजेल अशी मराठी पत्करली. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. लॅटिन नको आणि संस्कृतही नको, या निर्णयापर्यंतचा हा प्रवास केवळ शैलीचा नाही. अर्थ न कळणाऱ्या शब्दाच्या आड अधिकार लपू नये, हीच त्याची प्रेरणा आहे.

६

आजच्या मराठीत या तिन्ही प्रवृत्ती एकत्र नांदतात. वसईच्या कॅथॉलिक लेखनात ‘धर्मगुरू’, ‘ख्रिस्तसभा’ व ‘बिशप’ हे शब्द सोबतीने येतात. ‘संत पीटर’ या प्रयोगातील ‘संत’ तर भाषेच्या योगायोगाचे उत्तम उदाहरण आहे. लॅटिन ‘सांक्तुस’ आणि संस्कृत ‘सत्’ यांपासून आलेल्या या शब्दांचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. तरी ध्वनिसाम्यामुळे पीटर व पॉल हे मराठी श्रोत्याच्या मनात ज्ञानदेव-तुकारामांच्या पंक्तीला येऊन बसतात. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचल्याचे सांगणाऱ्या ना. वा. टिळकांना ही पंक्ती अभिप्रेतच होती. परंतु वारकरी संताला कोणी पदावर नेमीत नाही, आणि बिशपाला नेमणुकीवाचून पद नाही, हा भेद त्या साम्याने पुसट होतो.

ख्रिस्ती आचार्यांच्या त्या समग्र पिढ्यांना उद्देशून मात्र मराठीत अद्याप सर्वमान्य नाम नाही. ‘चर्चचे पिता’ हे इंग्रजीचे शब्दशः रूप असून मराठी वाचकाला त्यातून काहीच बोध होत नाही. ‘आचार्य’ या शब्दात संप्रदायप्रवर्तनाचा अर्थ प्रबळ आहे. मराठी समीक्षेने रुळविलेला ‘पूर्वसूरी’ हा शब्द त्या मानाने अधिक अन्वर्थक ठरेल. ज्यांच्या विचारावर आपण उभे आहो, ज्यांचा आदर करावा आणि तरीही ज्यांच्याशी मतभेद नोंदविण्याचा हक्क राखावा, असे ते पूर्वसूरी. या शब्दात बिशपाच्या अधिकाराचा अर्थ येत नाही, ही त्याची मर्यादा आहे. त्यासाठी ‘बिशप’ हा रुळलेला शब्द पुरेसा आहे. अथनेशिअसला पूर्वसूरी मानूनही त्याच्या नावावरील मतांगीकाराविषयी प्रश्न विचारता येतो. रमाबाईंनी तो विचारला होता. मराठीतील ख्रिस्ती विचाराच्या अभ्यासाने त्या प्रश्नाला जागा राहील अशीच परिभाषा स्वीकारावयास हवी.