पीडी-एल१चा रिपोर्ट आणि आपल्या डिशमधला कॅन्सर

काशीगावात आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी परवा बायोप्सीचा रिपोर्ट दाखवला. ट्रिपल निगेटिव्ह स्तनाचा कॅन्सर, खाली 'पीडी-एल१ निगेटिव्ह'. "निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

पीडी-एल१ हे पेशीवरचं प्रथिन. टी पेशीवरच्या पीडी-१ला ते चिकटलं की टी पेशी थंडावते. हा प्रतिकारशक्तीचा ब्रेक. तो सोडवणारी औषधं कुणाला द्यायची, हे ठरवताना बऱ्याचदा हा रिपोर्ट बघतात.

हा ब्रेक लागतो कसा, यावरच्या पेपरांची एक सवय मला खटकते. एमसीएफ-७ पेशींत पीडी-एल१ कमी, एमडीए-एमबी-२३१मध्ये भरपूर. मग एखादं जनुक बंद करायचं, पीडी-एल१चा आरएनए घटला की लिहायचं: कॅन्सर असा लपतो. पण डिशमध्ये लपायचं कुणापासून? तिथे टी पेशीच नाहीत!

शरीरात टी पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्यामुळे कॅन्सरच्या पेशीत स्टॅट१, मग आयआरएफ१ कामाला लागतं आणि पीडी-एल१चं जनुक जागं होतं. म्हणजे 'पॉझिटिव्ह' हे अनेकदा लढाई चालू असल्याचं लक्षण असतं. शिवाय आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे. सीएमटीएम६ हे प्रथिन पीडी-एल१ला नष्ट होण्यापासून वाचवतं, हे २०१७मध्ये दोन गटांनी दाखवलं. नुसता आरएनए मोजून हा टप्पा दिसत नाही.

आणखी एक गोची आहे. अटेझोलिझुमॅबच्या २०१८च्या चाचणीत पीडी-एल१ मोजलं ते गाठीत शिरलेल्या प्रतिकारपेशींवर. पेम्ब्रोलिझुमॅबसाठी कॅन्सरच्या आणि प्रतिकारपेशी, दोन्ही धरतात. एकच गाठ एका टेस्टमध्ये पॉझिटिव्ह, दुसरीत निगेटिव्ह येऊ शकते. आपण मात्र डिशमध्ये फक्त कॅन्सरच्या पेशी बघतो.

पेशीमालिका टाकून द्या, असं मी म्हणत नाही. स्विच कुठे आहे हे त्यांच्यातच सापडतं. पण किमान इंटरफेरॉन-गॅमा घालून बघा, प्रथिन मोजा, टी पेशी सोबत वाढवा. तेवढं केल्याशिवाय 'लपतो' हा शब्द वापरू नये.

काकूंना शेवटी इतकंच सांगितलं: ऑपरेशनआधी पेम्ब्रोलिझुमॅब दिलेल्या मोठ्या चाचणीत पीडी-एल१ निगेटिव्ह बायकांनाही फायदा दिसला होता. त्यामुळे या एका शब्दावरून चांगलं-वाईट ठरवू नका. टेस्ट कुठली आणि स्टेज कोणती, हे डॉक्टरांना विचारा.