धुरापलीकडचा गौतमपुरा

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या घरांत ओवाळणीची गडबड असते, त्याच संध्याकाळी इंदूर जिल्ह्यातल्या गौतमपुऱ्यात माणसं हिंगोट नावाची पेटती फळं एकमेकांवर फेकत असतात. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचं हे गाव. समोर शेजारच्या रुणजीचा संघ. गौतमपुऱ्याचा तो तुर्रा, रुणजीची ती कलगी. शाहिरांचे फड ऐकलेल्या मराठी माणसाला ही नावं घरचीच वाटतील. इथे सवालही हिंगोटाचा आणि जबाबही हिंगोटाचाच.

दर पाडव्याला या युद्धाचे व्हिडिओ मोबाइलवर येऊन पडतात. मी ते मन लावून पाहतो, कारण हौशी चित्रीकरणाचं आज काय झालंय हे तिथे लख्ख दिसतं. विषयच असा आहे की कॅमेऱ्याची कसलीही उणीव झाकली जात नाही. मावळता उजेड, मग काळोख, त्यात डोळे दिपवणारी ठिणगी, धूर, पळापळ आणि प्रेक्षकांसाठी लावलेली जाळी. फोनचा फोकस जाळीवर बसला की योद्धे पुसट होतात आणि तारा मात्र रेखीव दिसतात. कित्येक व्हिडिओ इथेच संपतात.

जुन्या सीसीडी सेन्सरच्या कॅमकॉर्डरमध्ये प्रखर ठिणगी आली की तिच्यातून वरखाली उभी रेघ उमटे. आजच्या फोनमधला सीमॉस सेन्सर चौकट ओळीओळीने वाचतो. त्यामुळे क्षणभराचा भडका अर्ध्याच चौकटीत उजळतो, उरलेली अर्धी काळी राहते. कॅमेऱ्याची पिढी अशी चित्रावरून ओळखता येते. पुढे तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर चढतो आणि पुन्हा आवळला जातो. धूर आणि ठिणग्या ही आवळायला सर्वांत कठीण चित्रं, कारण पुढच्या चौकटीत काय असेल याचा अंदाजच बांधता येत नाही. चार हातांतून फिरून आलेल्या व्हिडिओत धुराचे चौकोनी ठोकळे होतात. आवाजाचंही तेच. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो, म्हणून छातीत धडकणारा स्फोट बोथट होतो आणि त्यामागचा गर्दीचा श्वास क्षणभर बुडतो.

पण ही यंत्राची दुखणी आहेत, त्यांच्यावर उपाय निघतात. उजेडाचं माप हाताने बांधून ठेवावं, फोकस मैदानावर ठरवून कुलूपबंद करावा, फोन कशावर तरी टेकवावा. माझी खरी तक्रार वेगळी आहे.

1995 साली मिनी-डीव्ही आली, तेव्हा नेहमीच्या वेगाने टेप 60 मिनिटं चाले. चित्रीकरण करणारा मिनिटं मोजत असे. कुठे थांबायचं हे ठरवणं त्याच्या हाती होतं, आणि टेप संपण्याची धास्तीच त्याला शिकवत असे. 2005 मध्ये यूट्यूब आलं, 2016 मध्ये जिओने डेटा स्वस्त केला, 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यावर त्याची जागा रील्सनी घेतली. मिनिटं मोजायची गरज उरली नाही. मात्र दाखवायला मिळतात ते थोडेच सेकंद. म्हणून प्रत्येकजण भडकाच उचलतो. हजारो हात, एकच क्षण.

आणि हिंगोट काय फक्त भडका आहे? हिंगणबेटाचं ते लिंबाएवढं कठीण फळ आधी आतून कोरावं लागतं, उन्हात वाळवावं लागतं. मग दारू ठासून भरायची, एक तोंड मातीने बंद करायचं, दुसऱ्यावर वात बसवायची, आणि नेम सरळ जावा म्हणून बांबूची काडी बांधायची. महिनाभर आधीपासून घराघरांत हे चालतं. त्यानंतर देवनारायणाचं दर्शन, डोक्याला साफा, एका हातात ढाल, खांद्याला झोळी. एवढं सगळं वगळून मैदानातला दीडेक तास तेवढा जगासमोर येतो. पाहणाऱ्याला वाटतं, ही वेडी माणसं आहेत.

मला याचं वाईट वाटतं. 2017 मध्ये या युद्धात एका तरुणाचा जीव गेला आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत पोहोचला. जखमा दरवर्षी होतात. ही प्रथा राहावी की थांबावी, याचं उत्तर रीलमधून मिळणार नाही. ते गावानेच शोधायचं आहे, पण त्यासाठी गावाने स्वतःकडे नीट पाहिलेलं असायला हवं. आणि ते पाहणं आज हातातल्या फोनने सहज शक्य आहे.

मालेगाव आठवतं. नासिर शेख यांनी तिथे घरच्या साधनांनी 'मालेगाव के शोले' केला, पुढे सुपरमॅनही आणला. त्यांचे कॅमेरे आजच्या साध्या फोनपुढे काहीच नव्हते. पण कथा गावातच बसून रचली, नट गावातले, पाहणारेही गावातले. गौतमपुऱ्यातल्या पोरांकडे आज त्याहून कितीतरी चांगला कॅमेरा आहे. शिवाय कोणत्या घरात हिंगोट कोरले जातात, कोणाचा नेम पक्का आहे, आई कुठून वाट पाहत उभी असते, हेही त्यांना ठाऊक आहे. बाहेरून येणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

मला एक व्हिडिओ हवा आहे. ओसरीवर बसलेले कोणाचे तरी आजोबा, मांडीवर परात, हातात टोकदार सळई. फोन खिडकीत टेकवलेला, न हलणारा. एका फळाचा गर पूर्ण निघेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं लागली तरी, मधे कुठेही न तोडलेला.