दगडाचा फोटो, दगडाचं वाचन

‘फाइंड अ ग्रेव्ह’ ही साइट मी एखाद्या ग्रंथासारखी वाचते. जिम टिप्टन यांना प्रसिद्ध लोकांची थडगी पाहायचा छंद होता. त्यातून १९९५ मध्ये ती सुरू झाली. २०१३ मध्ये ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ कंपनीने ती विकत घेतली. अनोळखी स्वयंसेवक दफनभूमीत जाऊन फोटो काढतात आणि दूरदेशी कुणाला तरी पणजी सापडते. काम मोठंच आहे.

माझा आक्षेप आहे तो वाचनाच्या पद्धतीवर. इथे दगड म्हणजे प्रामुख्याने नाव आणि दोन तारखा. कोकणातल्या बेने इस्रायलींच्या दफनभूमीत मात्र एकाच दगडावर हिब्रू आणि मराठी शेजारी नांदतात. पेणकर, नवगावकर ही आडनावंच गाव सांगतात. रोमन लिपीत त्यांची स्पेलिंगं बदलली, की एकच कुटुंब शोधात विखुरतं. इस्रायलमध्ये वाढलेल्या, मराठी न येणाऱ्या नातवाला फोटो मिळतो. त्यावरच्या ओळी मुक्याच राहतात.

म्हणून फोटो काढलात तर तिरप्या उन्हात काढा, अक्षरं उठून दिसतात. खडू घासू नका, दगड झिजतो. आणि मराठी मजकूर देवनागरीतच, जसाच्या तसा टाइप करा, सोबत अर्थही द्या.