बोहो: अंगावरून उतरवता येणारं भटकेपण

'बोहो' हा शब्द एव्हाना तुमच्या घरात पोचलेला असणार. मुलीच्या ऑनलाइन ऑर्डरमध्ये 'बोहो स्कर्ट' असतो, मित्राकडच्या बेबी शॉवरची थीम 'बोहो' असते आणि दुकानात उशीच्या अभ्र्यांपासून आरशापर्यंत सगळ्यावर तीच चिठ्ठी दिसते. जरा जवळून पाहिलं तर यातलं बरंचसं आपल्याला ओळखीचं वाटतं. घेरदार घागरा, आरशांचं भरतकाम, गोंडे, कवड्या, काळपट चांदीचे मोठे झुबे, ठशांनी छापलेलं सुती कापड. त्यावर आपली कोयरी, जिला इथे स्कॉटलंडमधल्या एका विणकरांच्या गावावरून 'पेझ्ली' म्हणतात. डोक्याला गुंडाळायचा 'बँडाना' तर आपल्या 'बांधणे' या क्रियापदाच्याच घराण्यातला.

हे पाहून आपल्याकडून दोनपैकी एक प्रतिक्रिया येते. एक अभिमानाची: बघा, आमचंच घेतलंय. दुसरी रागाची: आमचं घेतलं आणि साधं नावही दिलं नाही. दोन्हींमध्ये 'आमचं' हा शब्द आपण फार सहज वापरतो. या लेखात मला त्या शब्दाकडे थोडं थांबून पाहायचं आहे.

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. या फॅशनचा त्या भूमीशी फारसा संबंध नाही. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये भटक्या लोकांचे तांडे पोचले. ते बोहेमियाकडून आले अशा समजुतीने फ्रेंच त्यांना 'बोहेमियाँ' म्हणू लागले. इंग्रजांना ते इजिप्तचे वाटले, म्हणून तिकडे ते 'जिप्सी' झाले. ते स्वतःला रोमा म्हणतात. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मन अभ्यासकांनी त्यांची भाषा तपासली तेव्हा तिची मुळं भारतात निघाली. मोजताना ते येक, दुय, त्रिन म्हणतात. नाक, कान आणि पाणी या शब्दांसाठी तर मराठी माणसाला दुभाष्याची गरजच पडणार नाही.

मग हा शब्द कपड्यांना कसा चिकटला? १८५१ साली आंरी म्युर्जे या लेखकाने पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधल्या कफल्लक कलावंतांच्या गोष्टी पुस्तकरूपाने छापल्या. भाडं थकलेले, पोट रिकामं, पण कुणाचे मिंधे नसलेले हे तरुण 'बोहेमियन' म्हणून गाजले. पुढे १८९६ साली पुच्चीनीने त्यावर ऑपेरा रचला. भटक्यांचं नाव आणि त्यांच्याबद्दलची रम्य कल्पना कलावंतांनी घेतली. खऱ्या भटक्यांची त्या वेळी काय अवस्था होती? आजच्या रुमानियाचा भाग असलेल्या मोल्दाविया आणि वलाकिया या संस्थानांत रोमा लोक तेव्हा कायद्याने गुलाम होते. त्यांची खरेदी-विक्री होई. ती गुलामी संपली १८५५-५६ मध्ये, म्हणजे म्युर्जेचं पुस्तक आल्यानंतर चार-पाच वर्षांनी. एकाच दशकात, एकाच खंडात, एका नावाचे हे दोन अर्थ होते.

हा शब्द अमेरिकेत यायला वेळ लागला नाही. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या 'फाफ्स' नावाच्या तळघरातल्या बिअरच्या गुत्त्यात वॉल्ट व्हिटमन आणि त्याची मित्रमंडळी बसत आणि स्वतःला बोहेमियन म्हणवत. नंतर ग्रेनिच व्हिलेज आलं, साठच्या दशकात हिप्पी आले. १९७० साली फिलाडेल्फियात विद्यापीठाच्या आसपास 'फ्री पीपल' नावाचं एक छोटं दुकान निघालं, त्याचीच पुढे 'अर्बन आउटफिटर्स' ही कंपनी झाली. आज 'फ्री पीपल' हा तिचाच ब्रँड आहे आणि बोहो कपड्यांसाठी तो प्रसिद्ध आहे. 'मुक्त लोक' या नावाखाली घागरे विकले जातात. आता न्यू जर्सीकडे या, जिथे तुमच्यापैकी अनेकांची घरं आहेत. जिप्सींनी कुठे जागा भाड्याने घ्यावी आणि काय विकावं यावर नगरपालिकांना बंधनं घालू देणारा १९१७ चा कायदा त्या राज्यात १९९८ पर्यंत पुस्तकात होता. जिप्सी स्कर्ट विकायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आपला स्वतःचा इतिहासही याच राज्यातून जातो. १९६५ च्या कायद्यानंतर मराठी इंजिनिअर आणि डॉक्टर मोठ्या संख्येने इथे येऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोत गोरी मुलं कुर्ते आणि मण्यांच्या माळा घालून फिरत होती त्याच सुमारास आपले लोक सूट-टाय घालून नोकरी टिकवत होते. १९८७ मध्ये जर्सी सिटीत स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळीने भारतीयांना धमक्या दिल्या. टोळीचं नाव बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून घेतलेलं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या भारतीय तरुणाला तरुणांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. तो पारशी होता. पुढच्या दहा वर्षांच्या आत ग्वेन स्टेफानी टिकली लावून गाऊ लागली आणि टिकल्यांची पाकिटं मॉलमध्ये फॅशन म्हणून विकली जाऊ लागली.

टिकली तीच होती. फरक एवढाच की एकीला ती काढून ठेवता येत होती, आणि दुसरीने ती काढली तरी तिचा चेहरा तिथेच राहत होता. बोहो या शैलीचं मर्म मला इथे दिसतं. भटक्याचं मोकळेपण हवं, पण गावाबाहेर हाकललं जाणं नको. गरिबाची ठिगळं हवीत, गरिबी नको. संध्याकाळी कपाटात टांगता येतं तेवढंच भटकेपण ही शैली देते.

इथवर तुम्ही मान डोलावली असेल, कारण इथवर दोष इतरांचा होता. आता आपल्याकडे पाहू. त्या आरशांच्या घागऱ्याला आपण 'आमचा' म्हणतो, पण तो कुणाचा आहे? तो लमाणी बाईचा फेटिया आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाहणारा हा बंजारा समाज. रेल्वे आली, व्यापार गेला, आणि १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारायला सुरुवात केली त्यांत बंजाराही आले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. याच समाजातले वसंतराव नाईक पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हेही खरं. तरीही मराठवाड्यातल्या तांड्यांवरून आजही माणसं दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. गोव्यात हणजुणेच्या बाजारात पर्यटकांना आरशांच्या पिशव्या विकणाऱ्या लमाणी बायका तुम्ही पाहिल्या असतील. तुमच्या-माझ्या आजीने तो घागरा कधी अंगावर चढवला होता? चढवला नसता. तिच्या दृष्टीने ते 'त्यांचे' कपडे होते.

मराठी साहित्यातही हेच घडलं. पन्नासच्या दशकात मंगेश पाडगावकरांचा 'जिप्सी' हा संग्रह आला आणि मध्यमवर्गीय मराठी मनाला आपल्या आतल्या भटक्याची ओळख पटली. त्या कवितेवर माझं प्रेम आहे आणि तिला दोष देण्याचं कारण नाही. पण जन्मभर खरोखर भटकलेल्या माणसाचा आवाज आपल्या कपाटात यायला १९८० उजाडावं लागलं. लक्ष्मण माने यांनी कैकाडी समाजातलं आपलं जगणं लिहिलं आणि पुस्तकाला नाव दिलं 'उपरा'. पॅरिसने 'बोहेमियाँ' म्हटलं तेव्हा तिलाही खरं तर हेच म्हणायचं होतं: कुठून तरी आलेला, इथला नसलेला. एकाच भटकेपणाला आतून पाहिलं तर 'उपरा' म्हणतात, बाहेरून पाहिलं तर 'जिप्सी'.

आता २०२५ चा जून आठवा. मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये अंगठ्याच्या चपला दिसल्या आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आग लागली. राग रास्त होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. टीका वाढल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. पण त्या चर्चेत 'आमची कोल्हापुरी' असं म्हणणाऱ्या किती जणांनी ती घडवणाऱ्या चर्मकारांचं, कातडी कमावणाऱ्या ढोर समाजाचं नाव घेतलं? चप्पल आमची होती, कारागीर मात्र आमच्यात धरलेले नव्हते. प्राडाने जे कोल्हापूरचं केलं, ते कोल्हापूरच्या पेठांनी चांभारवाड्याचं आधीच केलेलं होतं.

म्हणून सांस्कृतिक चोरीची तक्रार करताना आपण फक्त फिर्यादी नसतो. दुसऱ्या पिंजऱ्यातही आपलाच माणूस उभा असतो. मुलांना गरब्याला 'बंजारा लुक' देताना, स्नेहसंमेलनात कोळीनृत्य किंवा आदिवासी नृत्य बसवताना आपण जे करतो ते कोचेलाच्या मैदानावर पिसांचा मुकुट घालून नाचणाऱ्या मुलीपेक्षा फार वेगळं नसतं. तिने निदान ते 'आपलं' असल्याचा दावा केलेला नसतो.

यावर उपाय म्हणून कुणी घागरे जाळावेत असं मी म्हणणार नाही. कपडे नेहमीच गावोगाव फिरत आले आहेत आणि सुंदर गोष्टीचा मोह पडणं हा गुन्हा नाही. माझं मागणं लहान आहे. वस्तूला तिच्या माणसांचं नाव द्यावं. तो 'एथनिक' घागरा नाही, लमाणी भरतकाम आहे. घेताना ते कुणी केलं आणि त्यातलं तिच्या हाती किती पडलं, हे विकणाऱ्याला विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तेही एक उत्तरच असतं. आणि मंडळाच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या वेळी 'जिप्सी' वाचली जाईल तेव्हा तिच्या शेजारी 'उपरा'ची चार पानंही वाचावीत. मोठ्याने, आणि मुलं खोलीत असताना.

तुमची मुलगी कधीतरी तो स्कर्ट घालून विचारेल, 'बोहो म्हणजे काय गं आई?' 'आपलंच आहे ते' हे उत्तर सोपं आहे. ते देण्याआधी, 'आपलं' म्हणताना आपण कुणाकुणाला त्यात धरतो, एवढं तिला सांगता आलं पाहिजे.