आरसा आणि चोपडी

वाङ्मय हा इतिहासाचा आरसा होय, असें आम्ही प्राध्यापक वर्षानुवर्षें सांगत आलों. अमेरिकन वाङ्मयाच्या बाबतींत हें विधान मला अपुरें वाटूं लागलें, तें एका विद्यार्थ्यामुळें. नवी मुंबईंतील वर्गांत मी मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी शिकवीत होतों. ती अमेरिकेंत १८८५ सालीं निघाली. गुलामगिरी तर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनें नष्ट झाली होती. विद्यार्थी म्हणाला, “सर, गेलेली गुलामगिरी लेखकानें पुन्हां कां लिहावी?” मीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली.

उत्तराची वाट सांपडली ती एका मराठी पुस्तकांत. जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालचें. कृष्णवर्णीय दासांस मुक्त केल्याबद्दल तें त्यांनीं अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें आहे. पण चारच वर्षांनीं, १८७७ त, दक्षिणेंतील संस्थानांवरचा केंद्र सरकारच्या सैन्याचा पहारा उठला, आणि पुढील दोन-तीन दशकांत तेथील कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावला गेला. मग जोतीरावांची स्तुति अस्थानीं होती काय? मला तसें वाटत नाहीं. अर्पणपत्रिका हा इतिहासाचा निवाडा नव्हे. दूरच्यांस धन्यवाद देऊन जवळच्यांस लाजविण्याची ती रीत होय. आपल्या देशबांधवांनीं शूद्रांविषयीं तोच कित्ता गिरवावा, ही अपेक्षा त्यांनीं तेथेंच बोलून दाखविली आहे.

एक उणीव मात्र खरी. तेथें गौरव होतो तो मुक्त करणारांचा. स्वतः दास्यांतून पळून १८४५ त आत्मचरित्र प्रसिद्ध करणारा फ्रेडरिक डग्लस, किंवा उत्तरेच्या सैन्यांत लढलेले सुमारें १,८०,००० कृष्णवर्णीय तेथें दिसत नाहींत. परंतु पुस्तकाच्या पोटांत जोतीराव बळीराजाची कथा पराभूतांच्या बाजूनें सांगतात, आणि ही उणीव आपणच भरून काढतात. पुढें १९७२ त मुंबईंत ‘दलित पँथर’ उभी राहिली, तिनें १९६६ त ओकलंड येथें स्थापन झालेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून नांव घेतलें. आतां ऋण होतें तें उद्धारकांचें नव्हे, लढणारांचें.

त्या विद्यार्थ्यास मला सांगावयास हवें होतें तें इतकेंच: गुलामगिरी कायद्यांतून गेली होती, मनांतून नव्हे, म्हणून ती पुन्हां लिहावी लागली. आरसा समोर असेल तेवढेंच दाखवितो. वाङ्मय हिशेब पुरा झाला म्हणून मिटलेली चोपडी पुन्हां उघडतें. अमेरिकन वाङ्मयाच्या तासाला फुल्यांचें पुस्तकहि मेजावर असावें, असा आतां माझा आग्रह आहे.