बकासुरवध आणि विलंबाचे मूल्य

वर्धा जिल्ह्यातील केळझर हीच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी स्थानिक श्रद्धा आहे. आदिपर्वात भीम बकासाठी नेलेले अन्न स्वतःच खात बसतो. राक्षस पाठीवर प्रहार करतो, तरी जेवण संपल्याखेरीज उठत नाही. हा प्रसंग केवळ विनोद मानून पुढे जाणे सोपे आहे. पण द्वंद्वातील विलंबाला अर्थ कोण देतो, हा प्रश्न तेथे उभा राहतो, आणि संगणकीय रणनीती-खेळांच्या समीक्षेलाही तो टाळता येत नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) या खेळात आळीपाळी नसते. दोन्ही पक्ष एकाच वेळी चालतात. ५० एकक अन्न आणि २५ सेकंद खर्चून एक ग्रामस्थ निर्माण होतो. स्पर्धक खेळाडूच्या लेखी नगरकेंद्र क्षणभर रिकामे राहणे हा दोषच. हौशी खेळाडू मात्र तटबंदी सुबक व्हावी म्हणून रेंगाळतो. रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये मांडलेला स्वैर क्रीडा आणि नियमबद्ध खेळ हा भेद येथे लावावा, तर तो अपुरा पडतो. नियम दोघांनाही तेच आहेत. बदलते ते विलंबाचे मूल्य.

तथापि हौशी खेळाला निखळ मुक्ती समजणे भाबडेपणाचे होईल. भीम निवांत जेवतो तो बळाच्या भरवशावर. ज्या ब्राह्मण कुटुंबावर बकाची पाळी आली होती, त्याला ती चैन नव्हती. संगणकाची सोपी पातळी हौशी खेळाडूला हेच बळ उसने देते. समोर कसलेला माणूस आला, की ते काढून घेतले जाते, आणि तटबंदी अर्धवट असतानाच घोडेस्वार आत शिरतात.